कात्री आणि किटली

‘लुडबुड’ हे नाव मास्तरांनी ठेवलं होतं. लहानपणी ते कुठल्याही यंत्राजवळ गेले की त्यांची आई घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, लुडबुड करू नकोस. जन्मभर शाळेत गणित शिकवून झाल्यावर त्यांनी नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं एक साधन तयार केलं आणि आईवरचा राग सव्याज वसूल केला.

लुडबुडमध्ये घाबरण्यासारखं काही नव्हतं. पडद्यावर एक रिकामं अंगण दिसायचं. त्यात आपण एखादं चित्र काढायचं आणि शेजारी साध्या भाषेत ओळी लिहायच्या. चेंडू वर जा. भिंतीला लागलास तर मागे फीर. चेंडू निमूट तसं करायचा. ज्यांचं घरात कुणी ऐकत नाही अशा माणसांना तर हे फारच आवडायचं.

कंपनी म्हणाल तर तीन माणसांची. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जिन्यात कायम रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. एक मास्तर, एक चित्रं काढणारी मुलगी जिला सगळे रंगारी म्हणत, आणि एक प्रोग्रॅमर. प्रोग्रॅमरचं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. ती कामावर लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या सासूबाईंनी ऑफिसच्या फोनवर ‘आमच्या सूनबाई डबा विसरल्यात, जेवल्या का बघा’ असं मास्तरांना बजावलं होतं. तेव्हापासून ती सगळ्यांची सूनबाई झाली. खाली सायकलवालासुद्धा तिला तेच म्हणायचा.

तर एके दिवशी मास्तर एका शाळेतून परत आले ते जिना चढतानाच बोलत. मुलांनी त्यांना घेरलं होतं. खेळ बनवला, पण खेळायचा कुणाशी, असा मुलांचा सवाल होता. एकट्याने किती वेळ भिंतीवर चेंडू मारायचा? मास्तर निरुत्तर झाले, आणि मास्तर निरुत्तर झाले की सूनबाईंचं काम वाढायचं.

दोघांनी दोन ठिकाणांहून एकच खेळ खेळायचा तर मध्ये सर्व्हर लागतो. सर्व्हर म्हणजे कुठेतरी लांब, दिवसरात्र जागं असलेलं एक यंत्र. याचा चेंडू कुठे गेला ते हे यंत्र त्याला सांगतं आणि त्याने काय केलं ते याला. एकत्र कुटुंबातल्या मधल्या जावेसारखं, इकडचं तिकडे करत राहायचं, फक्त पदरचं काही घालायचं नाही. एरवी हे उभं करायचं म्हणजे चांगल्या जाणत्या माणसालाही घाम फुटतो. नवशिक्याने त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

मास्तरांचं म्हणणं एवढंच होतं की तहान लागलेल्याला विहीर खणायला लावू नका, नळ द्या. सर्व्हर हा शब्दसुद्धा मुलांना दिसता कामा नये. शुक्रवारी बऱ्याच शाळांचे शिक्षक लुडबुड बघायला येणार होते, त्यांच्यासमोर हा नळ सोडून दाखवायचा होता.

सूनबाईंनी मान खाली घालून काम केलं आणि नळ बसवला. आता खेळात फक्त एक ओळ लिहायची, सगळ्यांना दाखव. बाकी सगळं लुडबुड आपलं आपण करायची. कुठेतरी एक खोली उघडायची, त्यात खेळणारे जमायचे, चेंडू इकडून तिकडे जायचा. मुलांचा मामला, त्यामुळे खोलीत बोलायची सोय मास्तरांनी ठेवू दिली नाही. कोण कुठला येईल आणि काय बोलेल. त्याऐवजी चार खुणा होत्या, हात हलवणं, उडी, टाळ्या आणि रुसणं. रुसण्याची खूण रंगारीने घातली. ती दाबली की आपलं चित्र पाठ करून उभं राहायचं. याचा शिक्षणाला काय उपयोग, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की जो रुसला नाही तो खेळलाच नाही. तिनेच आणखी एक गंमत केली. जो खोलीत आधी येईल त्याच्या डोक्यावर छोटासा पिवळा मुकुट. त्या मुकुटाची झालर रंगवण्यात तिने अख्खी दुपार घालवली होती.

आता प्रश्न आला तपासायचा. मुलांकडून तपासून घेण्यात अर्थ नव्हता, कारण मुलांना सगळंच येतं. मास्तरांना लागायची ती कॉम्प्युटरला बिचकणारी आणि तरीही बटणं दाबणारी माणसं. असं एक माणूस सूनबाईंच्या घरातच होतं.

सासूबाईंनी सारी हयात कपडे शिवण्यात घालवली होती. त्या डावखुऱ्या. त्यांची कात्री मुद्दाम डाव्या हाताची बनवून घेतलेली, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. डोळ्यांनी दगा दिल्यावर मशीन बंद झालं आणि रिकामपण खायला उठलं, तेव्हा सुनेने त्यांना लुडबुडसमोर बसवलं. त्यांनी पहिल्याच दिवशी लुडबुडमधल्या चुकांची माळ लावली. हे बटण नुसतं उभं आहे, कामाचं काय करतं? ही अक्षरं मुंग्यांसाठी आहेत का? सूनबाई सगळं मुकाट्याने दुरुस्त करत गेल्या. कडक सासू कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

पण तपासायला दोन माणसं हवी होती, आणि तीही लांब लांब राहणारी. दुसरी म्हणून सूनबाईंना सुचल्या त्या मावशी. सासूबाईंची धाकटी बहीण, रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर राहणारी. आणि इथेच तर सगळी गोम होती.

दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण ना जमिनीचं ना दागिन्यांचं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन झालं. बहिणीचा जीव उगाच टांगणीला लागेल म्हणून त्यांनी तिला कळवलं नाही, घरातल्यांनाही शपथ घातली. मावशींना ते कुणा तिसऱ्याकडूनच कळलं. त्यांनी फोन केला आणि एवढंच विचारलं, उद्या तू मेलीस तरी मला बाहेरूनच कळायचं का? सासूबाई टाके ओले असताना म्हणाल्या, पोट माझं कापलं आणि रडतेय ती. झालं. त्या दिवसापासून दोघीही फोनची वाट बघत होत्या, आणि आधी फोन कुणी करायचा यावर घोडं अडलं होतं.

घरातल्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. सूनबाईंचा नवरा कवळ्या बनवायचा. दिवसभर वरचा जबडा खालच्या जबड्याशी जुळवणारा माणूस, त्याला वाटलं दोन बहिणी काय, सहज बसतील. त्याने एकदा मावशींना फोन लावून, कुणाचा आहे ते न सांगता तो आईच्या कानाला लावला. आईने ‘हॅलो’ म्हटलं, पलीकडूनही ‘हॅलो’ आलं, आणि दोघींनी एकदमच फोन ठेवला. मग तीन दिवस त्याला आमटीत मीठ मिळालं नाही. आपल्याला कुणी जुळवून आणतंय याचा दोघींना सारखाच तिटकारा होता. निदान एवढ्या बाबतीत त्यांचं एकमत होतं.

सूनबाई मावशींशी मधूनमधून बोलायच्या. सासूबाईंना ते ठाऊक होतं, पण त्या फोनच्या वेळी नेमक्या भांडी आवरायला घ्यायच्या. तर सूनबाईंनी दोघींना वेगवेगळं, एकीचं दुसरीला कळू न देता, नवी लुडबुड पाठवली. दोघींना तेच सांगितलं, तुमची खोली तुमची, मधूनमधून आमच्या ऑफिसातलं कुणीतरी खेळायला येईल. सासूबाईंकडे जायचं काम रंगारीला दिलं, मावशींकडे त्या स्वतः जाणार होत्या, पण शुक्रवारच्या धावपळीत ते राहूनच गेलं.

सासूबाईंनी अंगणात एक कात्री काढली. दोन पाय असलेली, जरा ठेंगणी. सकाळचा चहा झाला की त्या चष्मा पुसून बसायच्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगणात एक किटली आली. तिलाही दोन पाय, तोटी जरा जास्तच वर. दोघींनी चेंडूफेक सुरू केली. लुडबुडमध्ये नमुना म्हणून दिलेला तोच खेळ होता, मध्ये एक रेघ, एका बाजूला झाड.

त्यानंतर घराचं वेळापत्रकच फिरलं. किटलीच्या डोक्यावर मुकुट दिसला म्हणून दुसऱ्या दिवशी सासूबाई चहाच्या आधीच बसल्या. तिसऱ्या दिवशी किटली त्याहून आधी हजर. मग सासूबाईंनी तोंड धुवायच्या आत कॉम्प्युटर चालू केला आणि मुकुट घालून विजयी मुद्रेने गॅसवरचं दूध उतू घालवलं. सूनबाईंना कौतुक वाटलं. रंगारी एवढ्या सकाळी उठून काम करते हे त्यांना नवीनच होतं.

बुधवारी दुपारी सूनबाई जेवायला घरी आल्या तेव्हा सासूबाई सहज म्हणाल्या, “तुमची ती रंगारी अगदी आमच्या धाकटीसारखी खेळते गं. एक चेंडू हुकला की गेलीच झाडामागे पाठ करून. समजूत काढल्याशिवाय येतच नाही.”

सूनबाई हसल्या. मग त्यांना सासूबाईंनी लहानपणचं सगळं सांगितलं. त्यांचं घर बैठं, एकाच मजल्याचं. वर फक्त एक माळा, शिडी लावून चढायचा. दोघी त्याला ‘तिसरा मजला’ म्हणायच्या. दुसरा कुठे गेला असं कुणी विचारलं की दोघींना हसू आवरायचं नाही. धाकटी हरली की थेट तिसऱ्या मजल्यावर, आणि मोठीने शिडी चढून मनवायला जायचं, हा नेम होता. “आता मात्र मी कुणामागे जाणार नाही,” असं म्हणून सासूबाईंनी भाताची खरवड स्वतःच्या पानात वाढून घेतली.

सूनबाईंचा घास हातात राहिला. रंगारीची अक्कलदाढ काढली होती. सोमवारपासून ती तोंडात कापूस धरून घरी झोपून होती. ती पहाटे उठून चेंडू कशाला फेकेल?

ऑफिसात येऊन त्यांनी सर्व्हरचं पान उघडलं. तिथे सकाळच्या नोंदीत त्यांना दोन खोल्या दिसायला हव्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक माणूस. दिसली एकच खोली, आत दोन माणसं. तिचं नाव होतं ‘नवा खेळ’.

चूक मोठी मजेदार होती. मास्तरांचा एक जुना नेम होता की नवशिक्याला पहिल्याच पावलाला प्रश्न विचारायचा नाही, तो घाबरून पळतो. म्हणून खेळ उघडला की लुडबुड स्वतःच त्याला ‘नवा खेळ’ असं नाव देऊन टाकायची. आणि सूनबाईंनी, नवशिक्याला आणखी त्रास नको म्हणून, खेळाचं नाव तेच खोलीचं नाव करून टाकलं होतं. नाव बदलायच्या भानगडीत नवशिके पडतच नाहीत. तेव्हा जगातल्या कुठल्याही दोघांनी काहीही न करता खेळ सुरू केला, की दोघे एकाच खोलीत. दोघांच्या दोन चांगुलपणांनी मिळून हा घोटाळा केला होता.

मास्तरांना सांगितल्यावर ते आधी पोट धरून हसले. मग शुक्रवारी येणाऱ्या शाळा आठवल्या आणि त्यांचं हसू ओसरलं. सगळ्या शाळांची सगळी मुलं एका अंगणात. त्यांनी शाळेची मधली सुट्टी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. उद्या सकाळच्या आत दुरुस्त करा, म्हणाले, आणि काही झालं तरी एकच प्रश्न विचारायचा, त्याच्यावर नाही.

दुरुस्ती काही अवघड नव्हती. सुरुवातीला एक रिकामी चौकट दाखवायची, तुमच्या खोलीला नाव द्या. त्या नावाची खोली आधीच उघडी असेल, तर तसं सांगून आत जायचं का ते विचारायचं. सूनबाईंच्या हाताला हे तासाभराचं काम. पण हात चालेना.

ही चूक सुधारली की कात्री एका खोलीत आणि किटली दुसऱ्या खोलीत. दोन वर्षांत कुणाला जमलं नाही ते एका घोटाळ्याने करून दाखवलं होतं, आणि तो घोटाळा आता त्यांनीच निस्तरायचा होता. सांगून टाकावं तर आणखी पंचाईत. तू मुद्दाम जुळवून आणलंस, असं दोघीही म्हणणार, आणि यावेळी मीठ कुणाच्या आमटीतून जाणार हे उघड होतं. शिवाय दोघीही आधी हेच विचारणार, तिला माहीत होतं का? ती आपणहून आली का?

शेवटी त्यांनी मावशींना फोन लावला. कसं चाललंय, काही अडतंय का, असं इकडचं तिकडचं विचारलं. मावशी खुशीत होत्या. मग त्यांनी विचारलं, “ती तुमच्या ऑफिसातली कात्री, डावखुरी आहे का गं?”

“का हो मावशी?”

“नाही, चेंडू कायम डावीकडून फेकते. आणि मी हुकले की झाडापर्यंत येऊन उभी राहते. काही करत नाही, नुसती उभी राहते.”

सूनबाईंनी फोन या कानाचा त्या कानाला केला.

“राहू दे,” मावशी म्हणाल्या. “कुणाला काही सांगू नकोस.”

काय सांगू नको, हे सूनबाईंनी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. मी कुणामागे जाणार नाही म्हणणाऱ्या सासूबाई झाडापर्यंत जात होत्या. म्हणजे दोघींनाही कळलं होतं. कळूनही दोघी रोज सकाळी येत होत्या, कारण कळलंय हे मान्य करायची गरज त्या अंगणात पडत नव्हती. सूनबाईंना भरून आलं, आणि मास्तरांना दिसू नये म्हणून त्यांनी उगाचच खिडकी उघडून खालच्या सायकली मोजल्यासारखं केलं.

मग त्या कामाला लागल्या. चौकट घातली. प्रश्न लिहिला. ‘या नावाची खोली उघडी आहे. आत कुणीतरी आहे. जायचं आत?’ मास्तरांनी वाचून मान डोलावली. संध्याकाळी निघायच्या आधी सूनबाईंनी आणखी एक गोष्ट केली. मुकुट काढून टाकला.

गुरुवारी सकाळी सासूबाई नेहमीप्रमाणे तोंड न धुताच बसल्या. अंगणाऐवजी रिकामी चौकट बघून त्यांनी सुनेला हाक मारली. सूनबाई कणीक भिजवत होत्या, तशाच पिठाच्या हातांनी आल्या. माझी चूक झाली होती आई, त्या म्हणाल्या, दोन वेगवेगळी माणसं एकाच खोलीत जात होती. आता ज्याने त्याने आपल्या खोलीला नाव द्यायचं.

“मग ती किटली?”

“ती तिच्या खोलीत जाईल.”

“कोण होती ती, तुला कळलं का?”

सूनबाईंनी हाताचं पीठ खरवडायला घेतलं. सर्व्हरला चेहरे दिसत नाहीत, म्हणाल्या. हे खरंच होतं, त्यामुळे सांगायला सोपं गेलं.

सासूबाई चौकटीकडे बघत राहिल्या. त्यांचा डावा हात कीबोर्डवर होता, पण बोट खाली जाईना. कापड बेतून झाल्यावर पहिली कात्री चालवायच्या आधी त्या अशाच थांबायच्या, एकदा कापलं की कापलं म्हणून. सूनबाईंना तिथे उभं राहवेना. डबा अर्धवट भरून, लवकर जायचंय असं काहीतरी पुटपुटून त्या बाहेर पडल्या.

ऑफिसात रंगारी आली होती, गाल अजून सुजलेला. मुकुट गेल्याचं कळल्यावर तिने एवढं तोंड पाडलं की मास्तरांना वाटलं दाढ पुन्हा ठणकली. का काढला, तिने विचारलं. आधी कोण आलं ते कळू नये म्हणून, सूनबाई म्हणाल्या. पण मुकुट तर त्यासाठीच होता, रंगारी म्हणाली. तिचं बरोबरच होतं. सूनबाईंनी तिला खुर्ची ओढून दिली आणि बहिणींची सगळी गोष्ट सांगितली, फोन, माळा, झाड, सगळं. मास्तरही ऐकत उभे राहिले. गोष्ट संपल्यावर रंगारीने मुकुटाचा विषय काढला नाही.

सर्व्हरचं पान उघडंच होतं. आता त्यावर खोलीचं नाव, आत किती आणि दारात किती, एवढंच दिसायचं. दारात म्हणजे जो प्रश्नापाशी थांबलाय तो. बराच वेळ पान कोरं होतं. मास्तरांनी दोनदा येऊन, शुक्रवारच्या तयारीचं बघतोय असं दाखवून, पडद्यात डोकावून पाहिलं.

मग एक ओळ उमटली. तिसरा मजला. आत एक.

सूनबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. कोण आहे आत? कात्री की किटली? पानावर ते नव्हतं. त्यांना हवं असतं तर ते शोधून काढता आलं असतं, यंत्राच्या पोटात सगळं असतं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

आत एकच राहिलं. खाली सायकलवाल्याने कुणाच्या तरी चाकात हवा भरली, त्याला घंटी वाजवून दाखवली, ते गिऱ्हाईक गेलंसुद्धा. दुसरी बाई आपल्या घरी बसून कदाचित स्वतःचंच नाव लिहीत असेल, किंवा अंगणाचं, किंवा काहीच न लिहिता मशीन बंद करून स्वयंपाकाला लागली असेल. रंगारी सुजल्या गालाने म्हणाली की आपण जाऊन एखाद्या मुलाला विचारू, मुलं काय नाव देतात. कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

आणि मग त्याच ओळीत दुसरा आकडा आला. दारात एक.

मास्तर आता तयारीचं सोंग सोडून सरळ पाठीमागे येऊन उभे राहिले होते. दारात एक तसाच राहिला. सूनबाईंना आपणच लिहिलेला प्रश्न डोळ्यांपुढे दिसत होता. आत कुणीतरी आहे. जायचं आत? हे जरा मायेने लिहायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. या ना आत, असं काहीतरी. एवढ्या दिवसांच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर कुणीतरी उभं होतं आणि त्यांनी तिला नुसतं हो की नाही विचारलं होतं.

“विहीर खणायला लावलीत तुम्ही शेवटी,” मास्तर हळूच म्हणाले.

दारातला एक गेला. तिघेही पडद्याकडे वाकले. आत दोन.

रंगारीने टाळी वाजवली आणि लगेच गाल धरला. मास्तर चष्मा पुसायला लागले, आणि पुसता पुसता म्हणाले की प्रश्न आहे तसाच ठेवा, चांगला आहे. सूनबाईंनी ते पान बंद केलं. दोन बायका खेळत असताना बघत बसणं त्यांना बरं वाटेना.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा सासूबाई खिडकीशी उसवलेली उशी शिवत बसल्या होत्या. डोळे लालसर होते, पण मुद्रा एकदम ताठ. डबा अर्धा नेल्याबद्दल आधी त्यांनी सुनेला फैलावर घेतलं. कॉम्प्युटरचा विषय दोघींनीही काढला नाही. चहा झाला. दोरा संपला, दुसरा सूनबाईंनी ओवून दिला.

“तो पिवळा मुकुट दिसला नाही आज,” सासूबाई उशीकडे बघत म्हणाल्या.

“काढून टाकला आई.”

“म्हणजे आधी कोण आलं ते आता कळायचं नाही?”

“नाही कळायचं. कुणालाच नाही.”

सासूबाईंनी सुई थांबवली. मग त्यांनी सुनेकडे इतका वेळ बघितलं, की सूनबाईंना वाटलं, आता आपल्या आमटीतलं मीठ गेलं.

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी दोरा दाताने तोडला, उशी बाजूला ठेवली आणि फोन मागितला. नंबर शोधायला चष्मा लागला नाही. सूनबाई नेमक्या त्याच वेळी भांडी आवरायला स्वयंपाकघरात गेल्या, पण नळ काही सोडला नाही. पलीकडे फोन उचलला गेला, आणि दोन वर्षांनंतर, हॅलो नाही की कशी आहेस नाही, सासूबाई म्हणाल्या,

“इतकी म्हातारी झालीस, अजून हरलीस की झाडामागे का गं जातेस?”

पलीकडून काय उत्तर आलं ते सूनबाईंना ऐकू आलं नाही. पण ते लांबलचक होतं, आणि सासूबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.